पोटात दुखतंय म्हणजे नेमकं कुठं?

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. गेले दोन महिने रविवारी रात्री जेवायला बसलं की याचं पोट दुखायला लागतं आणि सोमवारी सकाळी तर विचारूच नका. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. शाळेनं चेहऱ्यांचा तक्ता दिलाय, रोज विचारायचं आज कसं वाटतंय म्हणून. हा रोज हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतो आणि पाच मिनिटांत पोट धरून बसतो. नाटक करतोय का?

उत्तर : नाही हो, पोट खरंच दुखत असणार. आपल्याला नाही का भीती वाटली की पोटात गोळा येतो, इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी तीनदा संडासला जावं लागतं, तसंच ते. फक्त आपल्याला कळतं की ही भीती आहे, त्याला एवढंच कळतं की पोट दुखतंय, म्हणून तो तेच सांगतो. डॉक्टरांना आधी दाखवलंत ते बरोबरच केलंत.

आता तो हसरा चेहरा. पोरगं हुशार आहे तुमचं! हसऱ्यावर बोट ठेवलं की प्रश्न संपतात आणि रडक्यावर ठेवलं की का, कुणी, कधी, मग तू काय केलंस अशी चौकशी लागते हे त्याच्या लक्षात आलंय. मी त्याच्या जागी असते तर मी पण हसऱ्यावरच ठेवलं असतं.

तक्ता वाईट नाही, पण त्यात चारसहा चेहरे असतात आणि आता घराघरात मुलं नुसती 'सॅड' नाहीतर 'अँग्री' असतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात ८ स्थायी भाव आणि वर ३३ संचारी भाव मोजून ठेवलेत, आणि आपली आजी तर न शिकता धाकधूक, हुरहूर, हिरमुसणं, खट्टू होणं, बावरणं, कानकोंडं होणं सगळं वेगवेगळं ओळखायची. हे शब्द घरात वापरा. पण त्याला शिकवायला बसू नका, तुमच्याबद्दल बोलताना वापरा. म्हणजे भाजी निवडता निवडता सहज, "आज मीटिंगमध्ये बोलायच्या आधी मला एवढी धाकधूक होत होती, हात गार पडलेले," एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. लगेच "तुला पण होतं का रे तसं?" नको, तो कान टवकारूनच असतो.

नाव दिल्यानं फरक पडतो हे मी मनानं सांगत नाही. २००७ साली अमेरिकेत मॅथ्यू लिबरमन यांच्या टीमनं मोठ्या माणसांना भावनांनी भरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा त्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी झालेली दिसली. हा भाग धोक्याची घंटा वाजवण्यात पुढं असतो. अर्थात ती माणसं मोठी होती, सात वर्षांची नव्हती, पण दिशा कळते.

आणि समोर बसवून विचारू नका. मुलं डोळ्यात डोळे घालून सांगत नाहीत, गाडीवर मागं बसून सांगतात नाहीतर रंकाळ्यावर शेजारी चालताना, हातात कणीस असताना. तेव्हा अंदाज करायचा, "सोमवारचं काही नको वाटतं का रे?" अंदाज चुकला तर "तसं नाही गं" म्हणून तोच खरं सांगेल. सोमवारचं वेळापत्रक एकदा बघाच, काय असतं नेमकं, श्रुतलेखन की पीटी की रिक्षात शेजारी बसणारा कुणी. आणि कुणी मारतंय, चिडवतंय, नको तिथं हात लावतंय असं काही निघालं तर मग शब्दबिब्द बाजूला, आधी शाळा गाठा. झोप उडाली, खाणं सुटलं, शाळाच बंद झाली तर वाट बघू नका, सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

प्रश्न : मी शिवाजी पेठेतला, वय अडुसष्ट. नातू दहा वर्षांचा, फुटबॉलचं लय याड. परवा गल्लीतल्या मॅचला पेनल्टी हुकली आणि सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. मी म्हटलं, पोरीसारखं काय रडायलास, पेठेतलं पोरगं हाईस तू. तवापासनं गडी माझ्याशी बोलत नाही. सूनबाई म्हणते चूक तुमची. आमचे वडील असंच बोलायचे, आम्ही काय बिघडलो?

उत्तर : काका, बिघडला नाहीत. पण तुम्हाला वाईट वाटलं तर घरात कळतं का कुणाला? आमच्या वडिलांना भीती वाटली तरी रागच यायचा, मला यायला उशीर झाला की दारात उभे राहून ओरडायचे, आणि ती काळजी होती हे मला कळेपर्यंत मी चाळिशीला आले.

आणि रडण्याचं म्हणाल तर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा बाहेर चांगली चांगली माणसं रडत होती, त्यांना कोण म्हणालं काय पोरीसारखं रडायलाय?

मला वाटतं नातवाला दुःखापेक्षा लाज जास्त वाटली असणार, सगळी गल्ली बघत होती, आणि त्यात आजोबांनी पण भर घातली. आता तो रुसलाय. रेफ्रीवर कोण रुसतं का? रुसणं आपल्या माणसावरच असतं, तेव्हा तुमचं काम अवघड नाही. शेजारी जाऊन बसा, म्हणा, "मी तसं बोलायला नको होतं. सगळे बघत असताना हुकलं की लय लाज वाटते." मग तुमची एखादी हुकलेली गोष्ट सांगा, असेलच की. "पुढच्या वेळी मारशील" हे मात्र लगेच नको, ते ऐकलं की पोरांना वाटतं विषय संपवायलेत. सूनबाईंना पण सांगा चूक कळली म्हणून, नातवाला ऐकू जाईल असं.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची. महाद्वार रोडवर फुगा दिला नाही तर रस्त्यातच आडवी पडते, हातपाय झाडते, आम्हाला मारते. लोक बघतात. काय करू?

उत्तर : लोकांना बघू दे, त्यांची पोरं पण अशीच पडलेली असतात. तिसऱ्या वर्षी हे चालायचंच, मेंदूतला ब्रेक लावणारा भाग पूर्ण तयार व्हायला विशीसुद्धा उलटून जाते. भर तमाशात काही समजावू नका, उचला, कडेला एखाद्या पायरीवर घेऊन बसा. "फुगा हवा होता, राग आलाय. मारायचं नाही," बास, एवढंच. फुगा मात्र नंतर पण द्यायचा नाही, नाहीतर आडवं पडणं हा रेट ठरतो. आणि खरेदीला निघायच्या आधी तिला जेवू घाला, निम्मे तमाशे भुकेचे आणि झोपेचे असतात.