मोसंबीवर रात्री बसणारा केशरी पंखांचा पतंग कोणता?

तुम्ही विचारलंय की साक्रीकडच्या बागेत रात्री फळावर मोठा पतंग दिसला, उडताना केशरी आणि बसला की वाळक्या पानासारखा. तो कोणता, काय खातो आणि कुठे आढळतो. हा फळातला रस शोषणारा पतंग, युडोसिमा; त्याच्या दोन जाती इथे भेटतात. मागच्या केशरी पंखावर मधोमध काळा गोल ठिपका असेल तर मटर्ना, स्वल्पविरामासारखा वळलेला डाग असेल तर फॅलोनिया. पुढचे पंख तपकिरी असतात. बॅटरी मारली की डोळे लालसर चमकतात, शोधायला ही खूण सर्वांत सोयीची.

बहुतेक पतंगांत नुकसान अळी करते, इथे उलटं. अळी फळाला तोंडही लावत नाही. ती बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढते. (वासनवेलीची पानं पाण्यात चोळली की पाणी थिजतं, ओळखायला तेवढं पुरे.) अळीच्या दोन्ही कुशींवर डोळ्यांसारखे मोठे ठिपके असतात. पतंगाची सोंड मात्र टोकाला टणक आणि काटेरी असते, ती सालीतून आरपार जाते. मोसंबी, संत्रा, डाळिंब, पेरू, काहीही चालतं. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) फळं पिकायला लागली की अंधार पडल्यावर ही धाड येते.

सालीवर टाचणीएवढं भोक दिसतं. फळ दाबलं की तिथून रस उडतो. मग भोकाभोवती साल मऊ पडते, बुरशी शिरते आणि काही दिवसांत फळ गळतं. कापून बघा: आत अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी, नुसती सड असेल तर हा पतंग.

फवारणीवर पैसे घालवू नका. पतंग बाहेरून येतो, रस पिऊन पहाटेआधी निघून जातो, आणि तोडणीला आलेल्या फळावर औषध मारणं तसंही चुकीचं. गळलेली फळं रोज वेचून खोल गाडा, त्यांच्या वासानेच आणखी पतंग येतात. संध्याकाळपासून बागेत ओला पालापाचोळा जाळून धूर करा. झाडं थोडी असतील तर फळांना कागदी पिशव्या घाला. बागेलगतची गुळवेल, वासनवेल काढा. पण गावातल्या निंबावरची गुळवेल ओरबाडू नका, ती औषधाला लागते.

मटर्ना भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आढळतो. फॅलोनियाचा पसारा आफ्रिकेपासून थेट पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत आहे.