बुबुळावरून किडनी कळते का?

प्रश्न : गावातल्या शिबिरात आईच्या बुबुळाचा फोटो काढून ‘किडनी कमजोर आहे’ म्हणाले, वर पुड्याही दिल्या. आईने हाय खाल्ली आहे. खरं असेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी आईंना धीर द्या. बुबुळावरून किडनीचं दुखणं कळत नाही. 1979 साली अमेरिकेत 143 जणांच्या बुबुळांचे फोटो बुबुळावरून आजार सांगणाऱ्या विद्येच्या तीन जाणकारांपुढे ठेवले होते. त्यातले किडनीचे रुग्ण कोणते, हे त्यांना ओळखता आलं नाही. आणि बुबुळाची नक्षी वर्षानुवर्षं तशीच राहते, म्हणून तर आधारसाठी ती टिपतात!

डोळा काहीच सांगत नाही, असं मात्र नाही. खालची पापणी ओढून पाहिली की आतला भाग फिकट दिसतो, तेव्हा मला रक्त कमी असल्याची शंका येते. पांढरा भाग पिवळा झाला तर कावीळ. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मागचा पडदा तपासला, की मधुमेहाने केलेलं नुकसान दिसतं.

किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासा, बीपी-शुगरही बघा. पुड्या आजच बंद करा. त्यांत काय आहे ते माहीत नाही, आणि अशा औषधांनी चांगली किडनीही बिघडू शकते. फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.