सोलापूरहून लेहला जाण्यासाठी ३५० सीसीची मोटारसायकल पुरेशी आहे का?

पुरेशी आहे. टायर, ब्रेकपॅड आणि चेन-स्प्रॉकेट सुस्थितीत असतील, सोबत एक जादा क्लच केबल असेल आणि पंक्चर स्वतःला काढता येत असेल, तर ती गाडी लेहलाच काय, खारदुंग ला ('ला' म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा खोऱ्यापर्यंतही जाते. त्या रस्त्यांवर मी शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या सामानासह चढताना पाहिल्या आहेत. केवळ या प्रवासासाठी दुप्पट किमतीची गाडी घेणे ही माझ्या मते निव्वळ हौस आहे, आणि हौसेला मोल नसते हे मान्य केले तरी तिला गरज म्हणू नये.

मात्र आपण प्रश्नात जाता जाता असेही लिहिले आहे की मित्रासह मनालीहून निघून पहिला मुक्काम सरचूला करायचा आणि दुसऱ्या दिवशी लेह गाठायचे, असे ठरले आहे. हे उत्तर खरे तर त्या बेतासाठी आहे, कारण नेमका हाच बेत २०२२ च्या जूनमध्ये माझ्या मित्राने आखला होता आणि त्यावरून आमच्यात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

सोलापूरकरांसाठी उत्तरेचा रस्ता सोपा आहे. राष्ट्रीय महामार्ग ५२ आपल्या गावातूनच जातो. बीड, छत्रपती संभाजीनगर, कन्नडचा घाट, धुळे, मग इंदूर, कोटा, जयपूर, हिसार असे करत तो पंजाबातील संगरूरला संपतो. राजस्थानातील उकाडा सोडला तर या टप्प्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. पहाटे लवकर निघावे आणि भर दुपारी सावलीला पडून राहावे. खरा प्रश्न संगरूरला उभा राहतो. तेथून लुधियाना, पठाणकोट, जम्मू असे श्रीनगरला जाता येते किंवा रोपड, बिलासपूर, मंडी असे मनालीला. संगरूरच्या बाहेर एका ढाब्याच्या बाजेवर नकाशा पसरून आम्ही तासभर भांडलो. मी श्रीनगरचा आग्रह धरला होता. मित्राचे म्हणणे असे की, "श्रीनगरवरून म्हातारेकोतारे जातात, आणि सरचूच्या तंबूचा ॲडव्हान्स मी भरून बसलोय, तो काय तू देणार?" त्या ॲडव्हान्सपुढे माझा युक्तिवाद टिकला नाही.

माझा युक्तिवाद आकड्यांचा होता आणि आजही तोच आहे. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे आणि सरचू ४,२९० मीटरवर. ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर आदल्या रात्रीच्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचीवर झोपू नये, हा गिर्यारोहकांचा आणि डॉक्टरांचा जुना दंडक आहे. आमच्या बेतात ही उडी एका दिवसात सव्वादोन हजार मीटरची होती. श्रीनगरमार्गे पहिली रात्र श्रीनगरला १,५८५ मीटरवर, दुसरी रात्र कारगिलला २,६७६ मीटरवर आणि मग लेह ३,५०० मीटरवर, असे शरीराला सवड देत चढता येते. वाटेत ३,५२८ मीटरचा झोजी ला आणि ४,१०८ मीटरचा फोटू ला लागतात खरे, पण तेथे झोपायचे नसते. ते ओलांडून खाली उतरायचे असते.

तर आम्ही मनालीवरून निघालो. पूर्वी रोहतांग खिंडीत अर्धा दिवस जात असे, पण २०२० मध्ये खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्याने आपण थेट लाहौलमध्ये उतरतो. रस्ता सोपा झाला तसा हा धोका मात्र वाढला, असे माझे मत आहे, कारण आता मनालीहून सकाळी निघालेला माणूस जेवणाच्या वेळेला जिस्पाला पोहोचलेला असतो आणि ऊन डोक्यावर असताना मुक्काम करायला त्याचे मन घेत नाही. जिस्पा सुमारे ३,२०० मीटरवर आहे, नदीकाठी आहे, झाडे आहेत. झोपण्यासाठी याहून योग्य जागा त्या रस्त्यावर पुढे नाही. मी तेथे हेल्मेट काढून गाडी स्टँडवर लावली. मित्राने आपली गाडी बंदही केली नाही.

दुपारनंतर त्या भागात निघणे हे नाल्यांच्या दृष्टीनेही चुकीचे असते, कारण दिवसभर वितळलेल्या बर्फाचे पाणी तिसऱ्या प्रहरी रस्त्यावर येते. झिंगझिंगबारच्या पुढे एका नाल्यात पाणी ब्रेकच्या पेडलपर्यंत होते आणि तळाचे गोटे दिसत नव्हते. दोघांचेही बूट भरले, आणि ओल्या मोज्यांनिशी आम्ही ४,८९० मीटरचा बारालाचा ला संध्याकाळी ओलांडला. गाडी तिसऱ्या गिअरवर रडू लागली होती. फ्युएल इंजेक्शनची गाडी विरळ हवेनुसार पेट्रोल कमी करते, परंतु हवा कोठून आणणार? लेहच्या वाटेवर पुढे लागणारा तंगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो आणि इंजिनाची ताकदही त्याच मानाने घटते. गाडी हळू चालून ही तूट भरून काढते. माणसाला तितक्या लवकर ते जमत नाही.

सरचूच्या तंबूत रात्री नऊच्या सुमारास मित्राचे डोके दुखू लागले, मग दोन उलट्या झाल्या. ते एक वेळ थकव्यावर ढकलता आले असते. मी घाबरलो ते वेगळ्याच गोष्टीने. तो खाटेच्या कडेला बसून उजव्या बुटाची नाडी सोडत होता आणि ती त्याला सुटत नव्हती. बोटे नाडीच्या शेजारी कापडावरच फिरत होती, आणि डावा बूट आधीच काढलेला आहे हे त्याला दोनदा सांगावे लागले. हा माणूस सोलापुरात रोज पहाटे दहा किलोमीटर धावतो. मी धावत नाही, आणि मला थोड्या डोकेदुखीपलीकडे काहीही झाले नाही. विरळ हवा व्यायामाची वही तपासत नाही.

तंबूवाल्याने ऑक्सिजनची नळी लावून दिली आणि पहाटे खाली न्या, असे बजावले. सरचूचा पेच येथे कळतो. विरळ हवेच्या त्रासावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे खाली उतरणे; परंतु सरचूहून खाली जाण्यासाठी आधी वर चढावे लागते. मनालीकडे बारालाचा ला आहे, आणि लेहकडे नकी ला, लाचुंग ला आणि तंगलांग ला एकामागून एक उभे आहेत. त्याची गाडी तंबूवाल्याकडे सोडून त्याला मी मनालीच्या दिशेला, जिस्पाच्याही अलीकडे असलेल्या केलाँगकडे परतणाऱ्या एका टॅक्सीत बसवले आणि मागोमाग गेलो. केलाँगच्या सरकारी रुग्णालयात त्याला तपासले, औषध दिले, आणि संध्याकाळी गृहस्थ राजमा-चावलची दुसरी प्लेट मागत होते. तेथे विश्रांती घेऊन आम्ही पुन्हा निघालो आणि लेहला व्यवस्थित पोहोचलो.

आता वादाचा मुद्दा. मित्र आजतागायत प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक कट्ट्यावर सांगतो की दारच्याच्या ढाब्यावरील छोले त्याला बाधले. छोले आम्ही एकाच ताटात खाल्ले होते. शिवाय छोल्यांनी बिघडलेले पोट बाराशे मीटर खाली उतरल्याबरोबर काही तासांत सुधारत नाही. विरळ हवेचा त्रास मात्र अगदी तसाच सुधारतो. हे त्यालाही ठाऊक आहे. त्याला मान्य करवत नाही ते हे की संगरूरच्या बाजेवर मी जे बोललो होतो ते खरे होते.

म्हणून गाडीच्या सीसीपेक्षा आपल्या मित्राशी आधी एक गोष्ट बोलून घ्यावी: दोघांपैकी कोणीही एकाने थांबायचे म्हटले की त्या दिवसाचा प्रवास तेथेच संपेल, आणि भरलेला ॲडव्हान्स बुडाला तर दोघांत वाटून घ्यायचा. हे त्याला पटत नसेल तर त्याच्याबरोबर गोव्याला जावे.

एवढे लिहून झाल्यावर दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. मनालीमार्गे जाऊन सरचूला निवांत झोपलेले अनेक जण मला भेटले आहेत, आणि मी डॉक्टर नाही. विरळ हवेच्या त्रासासाठी घेतली जाणारी डायमॉक्सची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तर मुद्दाम सांगावे. श्रीनगरचा रस्ताही सुखाचा नाही: रामबनजवळ दरडी कोसळतात, झोजी लाच्या चिखलात ट्रकांमागे अडकावे लागते, आणि अमरनाथ यात्रेच्या काळात वाहतुकीवर निर्बंध असतात. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम तेथे चालत नाही, पोस्टपेड लागते. मनालीनेच जायचे असेल तर जिस्पाला दोन रात्री काढाव्यात आणि तिसऱ्या दिवशी पहाटे निघून सरचू किंवा त्यापुढच्या पांगला न झोपता लेह गाठावे. तो दिवस फार लांबतो, परंतु रात्र लेहच्या उंचीवर जाते. त्या वाटेवर तांदीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक आहे. तेथे टाकी काठोकाठ भरावी आणि पाच लिटरचा कॅनही घ्यावा, कारण चढावर ३५० सीसीची गाडी सपाटीवरचे ॲव्हरेज देत नाही.