जर्मनीला निघालेल्या मुलीस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

व्हिसा आल्याचं तुझ्या आईकडून कळलं, फार आनंद झाला. सामानाच्या याद्या तुला पुष्कळ जण देतील. मी लिहितेय ते कोथरूडच्या घरी मागे राहणाऱ्या तिघांसाठी.

आमच्या वेळी परदेशातलं माणूस म्हणजे एरोग्राम. पत्रात विचारलेलं दुखणं, उत्तर तिकडे पोचेपर्यंत बरंही झालेलं असे. मग आयएसडीचे बूथ आले. कर्वे रस्त्यावरच्या बूथमध्ये बोलणाऱ्याचे डोळे सारखे मीटरवर. २००२च्या एप्रिलमध्ये परदेशी फोनवरची विदेश संचार निगमाची मक्तेदारी संपली आणि दर उतरले. स्काइप आलं, २०२५च्या मे महिन्यात बंदही झालं. २०१६पासून व्हॉट्सॲपवर चेहरा दिसू लागला. बोलणं जवळजवळ फुकट झालं आणि मी पाहते, फुकट झालं म्हणूनच ते उद्यावर जाऊ लागलं. पूर्वी वार आणि वेळ ठरलेली असे, घरचे त्या वेळी फोनपाशी येऊन बसत. तो ठरलेला वार तू सोडू नकोस.

वेळ मात्र विचार करून ठरव. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं सरकतात, आपली नाही. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. तू संध्याकाळी सहाला फोन करत राहिलीस, तर इथे साडेनऊचे साडेदहा होतात. तुझे बाबा दहाला झोपतात, पण ते तुला सांगायचे नाहीत, खुर्चीत डुलक्या काढत जागे राहतील. त्यापेक्षा रविवारी सकाळी तुझ्या साडेआठला कर. इथे उन्हाळ्यात बारा, हिवाळ्यात एक. सगळे घरी असतात, आजीही जागी असते.

‘बरे आहात ना?’ एवढं विचारशील, तर ‘हो’ एवढंच ऐकू येईल. मंडईतून काय आणलं, जिना चढताना गुडघा कुठे दुखतो, सोसायटीत पाणी किती वाजता येतं, हे विचार. दर वेळी चेहराही दाखवायला नको. तू भाजी चिरत असशील, तेव्हा नुसता आवाज चालू राहिला तरी आईला पुरतं.

आजीचे व्हॉइस मेसेज फोनवरून काढून दुसरीकडे साठवत जा. एरोग्राम ट्रंकेत टिकले. फोन बदलताना बॅकअप राहून गेला, तर हे आवाज परत मिळत नाहीत.

आणि निघण्याआधी एक दुपार आईला दे. फोन तिच्या हातात असू दे, तू बोट लावू नकोस. कॉल तिनेच लावायचा, चुकला तर तिनेच पुन्हा लावायचा. तू अडचणीत आहेस, पैसे पाठवा, असा अनोळखी नंबरवरून फोन आला तर तो ठेवून तुझ्याच नंबरवर लावायचा, हेही तिच्याकडून करवून घे. शिवाय उत्तर फक्त घरच्यांनाच ठाऊक असेल असा एक प्रश्न ठरवून ठेवा.

तुझी,
मावशी