'नींदा', निंदणी आणि गाजरगवत

प्रश्न असा आला आहे: इंदूरच्या एका कॉलनीत मोकळ्या प्लॉटांवरची गाजर घास काढायची मोहीम ठरली आहे. हिंदी पत्रकावर 'नींदा नियंत्रण', म्हणजे तणांचा बंदोबस्त, असं छापलंय. महाराष्ट्र मंडळासाठी मराठीत लिहिताना 'निंदा नियंत्रण' चालेल का? आणि 'गाजर घास'चं 'गाजरगवत' करायचं का?

'निंदा नियंत्रण' नको, हसू होईल. मराठीत निंदा माणसांची होते, आणि तिचं नियंत्रण आजवर कुठल्याच मंडळाला जमलेलं नाही.

क्रियापद मात्र आपलंही आहे. खानदेश-विदर्भात शेत निंदतात, निंदणी करतात. पुणे-नगरकडे तीच खुरपणी, कोल्हापूर-सांगलीकडे भांगलण, कोकणात बेणणी. इंदुरात 'नींदा' रोज कानावर पडतो, म्हणून आपल्याला निंदणीही हिंदीतून आल्यासारखी वाटते. तसं काही नाही. दोघींचा निंदेशीही संबंध नसावा. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने राष्ट्र कसं राखावं ते सांगताना म्हटलंय, 'यथोद्धरति निर्दाता कक्षं धान्यं च रक्षति'. निर्दाता म्हणजे तण उपटून धान्य राखणारा. माळव्यातला नींदा आणि आपली निंदणी, दोन्ही मला या निर्दात्याच्याच घरच्या वाटतात. सोयाबीनच्या ओळींतून इथले शेतकरी तण काढायला 'कुलपा' चालवतात, तेही आपलं कोळपंच.

पण निंदणी हे कामाचं नाव. नको असलेल्या रोपाला मराठीत सरळ 'तण' म्हणावं: ते तण, ती तणं. 'तण खाई धन' ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे.

आता गाजरगवत. नाव रूढ आहे, तेच लिहा. पानं गाजराच्या पानांसारखी कातरलेली, म्हणून गाजर. गवत मात्र ते मुळीच नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. फूल तळहातावर घेऊन बघा: चार-पाच मिलिमीटरचं, पांढरं, कडेला पाच टोकं. 'चटकचांदणी' हे त्याचं दुसरं नाव बहुधा यावरूनच पडलं. तण शब्द तृणापासूनच आला, त्यामुळे जुन्या ढोबळ अर्थाने 'गवत' म्हणायला हरकत नाही. औषध फवारताना मात्र हा ढोबळपणा महागात पडतो. सोयाबीनमध्ये अरुंद पानांच्या, म्हणजे खऱ्या गवताच्या तणांसाठी क्विझालोफॉप हे तणनाशक मारतात. गाजरगवताला त्याने काही होत नाही.

'काँग्रेस गवत' पत्रकात टाळा, निवडणुका असोत-नसोत. १९५५च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेत भरलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात. नावाचा संबंध कुणी त्या काळच्या सत्तेशी जोडतं, कुणी फुलांच्या पांढऱ्या टोप्यांशी. तेव्हापासून ते देशभर पसरलं; जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दर ऑगस्टात त्याच्यासाठी जागृती सप्ताह भरवतं. १९८४मध्ये बंगळूरला मेक्सिकोचे भुंगेरे सोडले, ते पावसाळ्यात पानं फस्त करतात, पण सगळीकडे पुरे पडत नाहीत.

म्हणून पत्रकात 'निर्मूलन' लिहू नका. एका मोठ्या झाडाला १५ हजारांवर बिया येतात आणि त्या वर्षानुवर्षं मातीत टिकतात. 'तण नियंत्रण' पुरे. 'कापणे', 'छाटणे' हीसुद्धा चुकीची क्रियापदं. वरून कापलं की बुंध्यातून पुन्हा फुटतं. 'सफाई' तर इंदुरात इतकी वापरून झाली आहे की ती वाचून कुणी उठणार नाही.

खताचंही लिहा. तण, काडीकचरा आणि शेण यांपासून कंपोस्ट करण्याची पद्धत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी याच गावात घडवली, जगात ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. गाजरगवताचंही खत होतं, फक्त फूल यायच्या आत.

मजकूर असा चालेल: 'रविवारी सकाळी तण नियंत्रण. गाजरगवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असलेल्यांनी उपटायला येऊ नये, चहाला यावे.'