उजवं म्हणजे पेशंटचं उजवं

रिपोर्ट हातात पडला की त्यातले अवघड शब्द आजारांची नावं वाटू लागतात. बरेचसे शब्द फक्त जागा सांगतात. तरी हीच शंका पुन्हा पुन्हा येते, म्हणून काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सोनोग्राफीत ‘बायलॅटरल’ आलंय. गंभीर आहे का?

‘बायलॅटरल’ म्हणजे दोन्ही बाजूंना. काय झालंय ते पुढच्या शब्दात असतं. तपासणी ज्यांनी सांगितली त्यांनाच रिपोर्ट दाखवा.

प्रश्न : अंगठ्याची बाजू ‘लॅटरल’, म्हणजे बाहेरची, कशी? टेबलावर हात पालथा ठेवला की अंगठा आतच येतो.

माणूस ताठ उभा, हात बाजूला, तळहात पुढे, हीच स्थिती धरून सगळी वर्णनं करतात. तसे उभे राहून पाहा.

प्रश्न : एमआरआयमध्ये ‘पोस्टेरियर डिस्क बल्ज’ आहे. ‘पोस्टेरियर’साठी खास पट्ट्याची जाहिरात पाहिली. घेऊ का?

नका घेऊ. ‘पोस्टेरियर’ म्हणजे मागच्या बाजूला; मणक्यांमधली चकती मागे फुगली आहे, एवढाच अर्थ. जाहिरातवाल्याने तुमचा मणका पाहिलेला नाही, फक्त शब्द उचललाय. पट्टा की व्यायाम, हे तपासल्यावरच ठरतं. पायातलं बळ कमी झालं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : छातीच्या एक्स-रेत हृदय उजव्या हाताला दिसतंय. फिल्म उलटी निघाली का?

नाही. पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं धरून फिल्म पाहतात, त्यामुळे त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. कोपऱ्यातलं ‘आर’ किंवा ‘एल’ अक्षर आधी शोधा.

इथे मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण या गोंधळाची किंमत फार मोठी असते. एका आजोबांच्या मुलाने त्यांच्यासमोर बसून फॉर्म भरला आणि जो गुडघा स्वतःच्या उजव्या हाताला दिसत होता, तो ‘उजवा’ लिहिला. दुखत होता डावा. नर्सने “कुठला पाय, आजोबा?” असं विचारलं, त्यांनी डाव्या गुडघ्यावर थाप मारली, तेव्हा चूक कळली. उजवं-डावं नेहमी पेशंटचं. सांगणाऱ्याचं नाही, डॉक्टरांचंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी जी तपासणी-यादी दिली, तिच्यात भूल देण्याआधीच पेशंटकडून नाव, ऑपरेशन आणि जागा यांची खात्री करून घ्यायला सांगितलंय. म्हणून तेच तेच विचारतात म्हणून चिडू नका. ऑपरेशनच्या जागेवर करतात ती शाईची खूण तुम्ही जागे असताना व्हायला हवी. कोणी विचारलंच नाही, तर तुम्ही विचारा. ‘डॉक्टरांना माहीत असेल’ म्हणून गप्प राहू नका.

प्रश्न : काल बेंबीजवळ दुखत होतं, आज खाली उजवीकडे. शेजारी म्हणतात, अपेंडिक्स असतं तर आधीपासून उजवीकडेच दुखलं असतं. हा गॅस आहे.

शेजाऱ्यांचं चूक आहे. अपेंडिक्सचं दुखणं अनेकदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी खाली उजवीकडे सरकतं. हे उत्तर वाचेपर्यंत तुम्ही थांबला नसाल, अशी आशा आहे. वेदनाशामक गोळी घेऊन वाट पाहू नका. ‘पोटात दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका. कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, ते एका बोटाने दाखवा. सर्जनकडे आत्ताच जा.