थीटा वाढला म्हणजे लक्ष लागले का?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी जळगावला अभ्यासिकेत बसतो. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी डोकेच चालत नाही. मेंदूच्या लहरी मोजून एकाग्रता वाढवणारा कपाळपट्टा घ्यावा का? लहरींचा आणि मनावरच्या ताब्याचा खरेच संबंध असतो का?
– एक वाचक, यावल

उत्तर : संबंध आहे. पट्टा मात्र घेऊ नका.

‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने लिहा, ‘हिरवा’ निळ्या शाईने. असे वीस शब्द. आता शब्द न वाचता फक्त शाईचा रंग मोठ्याने सांगत जा. जीभ अडखळेल, कारण वाचायची सवय रंगाच्या आधी धावते. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप यांनी १९३५ साली मांडलेली ही कसोटी. नेमक्या त्या अडखळण्याच्या वेळी टाळूच्या थोडे पुढे, डोक्याच्या मधल्या रेषेवर थीटा लहरी (सेकंदाला ४ ते ८) जोर धरतात. ‘गडबड आहे, सवयीला आवर’ हा निरोप त्यांच्यामार्फत इतर भागांना जातो, असे मानले जाते. अल्फाचे (८ ते १३) काम उलटे : नको असलेल्या बाजूचे दार लोटून घेणे.

मग पट्ट्यात वाईट काय? डोक्यावर पोचणारा संकेत काही दशलक्षांश व्होल्टचा. पापणी लवली तरी त्याहून मोठी, संथ लाट उठते आणि कपाळावर तीच आधी पकडली जाते. दात आवळले की स्नायूंची खरखर बीटा या अधिक वेगवान लहरींत मिसळते. घामाने नोंदीची रेघ सरकत राहते. प्रयोगशाळेत तर केस धुऊन, तेल न लावता या म्हणतात. आपल्याकडे तेलाशिवाय घराबाहेर पडणे कठीणच!

त्यातही मोठी गोम अशी की झोप अपुरी झाली की जागेपणीही थीटा वाढतो. म्हणजे पट्ट्यावरचा आकडा चढला, तर तुम्ही झुंजताय की पेंगताय, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

त्यापेक्षा मोबाइलचे घड्याळ लावा. आधी वीस साध्या रंगीत ठिपक्यांचे रंग सांगा, मग वरचे वीस शब्द. दोन्ही वेळांतला फरक लिहून ठेवा. सकाळी सातला आणि दुपारी तीनला, आठवडाभर. क्रम रोज बदला, नाहीतर पाठांतर होऊन फरक आपोआप घटेल. चुकाही मोजा, घाई केली की वेळ सुधारतो आणि चुका वाढतात. दुपारचा फरक सतत मोठा येत असेल तर गणित-बुद्धिमत्ता सकाळी घ्या, दुपारी उजळणी करा. आणि रात्रीची झोप तोडू नका.